होडी आणि पेटी

(दृश्य: संध्याकाळची ठाणे–पनवेल लोकल. बाहेर ऐरोली, रबाळे, घणसोली. आत फोनचे उजळलेले पडदे.)

तुर्भे गेलं की गाडीत जरा श्वास घेता येतो. समोरासमोर बसलेल्या चौघांत मिळून एक फोन फिरतोय. लुडो. लाल सोंगटी घरात जायला दोनच घरं उरली आहेत, आणि तेवढ्यात जाहिरात लागते. चौघंही गप्प. कुणी वैतागत नाही. मोजून तीस सेकंद खिडकीबाहेर बघतात आणि परत खेळायला लागतात.

आपल्या आज्या कापडी सारीपाटावर कवड्या टाकून खेळायच्या, तोच हा खेळ. पचिशीवरून इंग्रजांनी लुडो बेतला, 1896 मध्ये इंग्लंडात त्याचं पेटंटही घेतलं गेलं. आणि मग तो परत आला तो थेट नवी मुंबईत. विकाश जयस्वाल यांच्या इथल्या गेमशन कंपनीने 2016 मध्ये लुडो किंग बाजारात आणला. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये तो घराघरात पोचला. वेगवेगळ्या शहरांत अडकलेली भावंडं रात्री जेवणं झाली की एकाच पटावर बसायची. डाउनलोडचा आकडा केव्हाच 10 कोटींच्या पलीकडे गेलाय. जगभर खेळला जाणारा गेम आपल्या शहरात बनतो, याचा मला मनापासून अभिमान आहे.

पण हे तीस सेकंद माझ्या डोक्यातून जात नाहीत. कारण असे सेकंद मोजायचं काम मी स्वतः केलंय.

(दृश्य: महापे. एमआयडीसीतला रस्ता, काचेच्या इमारती, टपरीवर चहा.)

मी इथल्याच एका स्टुडिओत सहा वर्षं होतो. गेम फुकट होता. लेव्हल संपली की बक्षिसाची पेटी यायची. ती थरथरते, झाकण किलकिलं होतं, फटीतून सोनेरी उजेड येतो, मग उघडते. हे थरथरणं किती वेळ चालावं यावर आम्ही तीन आठवडे घालवले. निम्म्या खेळाडूंना एक सेकंदाची पेटी, निम्म्यांना पावणेदोन सेकंदांची. सातव्या दिवशी कोणत्या गटातले जास्त लोक परत येतात ते बघायचं. ‘डी-सेव्हन किती?’ सकाळच्या मीटिंगमध्ये पहिला प्रश्न हाच. गेम चांगला झालाय का, असं त्या खोलीत कुणी विचारलेलं मला आठवत नाही.

त्यात कुणी दुष्ट नव्हतं. गेम फुकट दिला की पगार जाहिरातीतून काढायचा, नाहीतर पैसे खर्च करणाऱ्या मोजक्या खेळाडूंकडून. या धंद्यात त्यांना ‘व्हेल’ म्हणतात. जिवंत माणसाला देवमासा म्हणायचं आणि जाळं किती मोठं हवं यावर चर्चा करायची. अशाच, पण पैसे देऊन उघडायच्या पेट्यांना बेल्जियमने 2018 मध्ये सरळ जुगार ठरवलं. ती बातमी मी ऑफिसात, पेटीचा उजेड अजून थोडा पिवळा करत असताना वाचली.

जुगारावरून आठवलं. आजही ‘गेमिंगमध्ये काम करतो’ म्हटलं की नातेवाईक विचारतात, ‘म्हणजे रमी का?’ ऑगस्ट 2025 च्या केंद्राच्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्स, साधे खेळ वेगळे काढले. कागदावर फरक झाला, ते बरं झालं. लग्नाच्या मांडवात तो पोचायला वेळ लागेल.

माझं म्हणणं साधं आहे. पूर्ण बनवलेला, एकदाच पैसे देऊन घ्यायचा गेम आपण विकत घ्यायला शिकलोच नाही. लहानपणी सीडी पायरेटेड, नंतर फोनवर सगळं फुकट. आणि आपण विकत घेत नाही म्हणून बनवणाऱ्याला सवय विकावी लागते. शंभर रुपयांचा गेम घेतला तर त्यातून जीएसटी जातो, मग ॲप स्टोअरचा वाटा. गुगल आणि ॲपलने 2021 मध्ये छोट्यांसाठी वर्षाच्या पहिल्या 10 लाख डॉलरपर्यंत तो 15 टक्क्यांवर आणला, आधी सरसकट 30 होता. तरी सत्तरेक रुपये बनवणाऱ्याच्या हातात पडतात. इथे दोन माणसांचं वर्ष निभवायला फार मोठी गर्दी लागत नाही. काही हजार माणसं लागतात, ज्यांना एका पिझ्झाहून कमी पैसे द्यायला जड वाटणार नाही.

जिद्दीने केलेलं कामही आपल्याकडे आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स स्टुडिओने ‘राजी’ हा गेम केला, भावाला शोधत निघालेल्या मुलीची गोष्ट. लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा प्रयत्न फसला, तरी 2020 मध्ये गेम आला आणि जगभर खेळला गेला. तिकडे अमेरिकेत एरिक बॅरोनने ‘स्टारड्यू व्हॅली’ हा गेम एकट्याने चार वर्षांहून जास्त काळ खपून बनवला. चित्रं त्याची, संगीतही त्याचंच.

(दृश्य: ठाणे पूर्व, चेंदणी कोळीवाडा. पहिल्या मजल्यावरची खोली, दोन कॉम्प्युटर, खिडकीत वाळत घातलेले कपडे.)

माझ्याबरोबर महाप्याला होता तो मित्र आता इथे बसतो. गेम ठाण्याच्या खाडीचा आहे. भरती-ओहोटी बघून होडी काढायची, तिवरांतून वाट शोधायची, जाळं टाकायचं, अंधाराआधी परतायचं. पेटी नाही, जाहिरात नाही. किंमत 149 रुपये. बायको नोकरी करते म्हणून हे चाललंय, हे तो कुणाहीपासून लपवत नाही.

त्या दिवशी त्याने फोन आजीच्या हातात दिला. तिने चष्मा वर सरकवला, पडदा डोळ्यांजवळ नेला. पाणी उतरलं, होडी चिखलावर टेकली.

‘ओहोटीला होरी अशी ताठ उभी राहते का रं? कलते ती, कलते.’

आणि तिने हाताचा पंजा आडवा धरून हळूच एका अंगाला झुकवला. आधी थोडा, मग थांबून अजून थोडा. त्याने तो हात फोनवर रेकॉर्ड करून घेतला.

पुढचे तीन आठवडे तो त्या झुकण्यावर होता. कोणत्या बाजूला किती चिखल आहे, त्याप्रमाणे कल बदलतो. मी मधल्या काळात दोनदा जाऊन आलो. दोन्ही वेळा तेच काम, दोन्ही वेळा पडद्याच्या कोपऱ्यात आजीचा हात चालू.

(दृश्य: तीच खोली, रात्र. फोनचा उजेड आजीच्या चेहऱ्यावर.)

पाणी उतरतंय. होडी टेकते. जराशी कलते, थांबते, अजून कलते. वल्हं घसरून काठाला लागतं आणि लाकडाचा बारीक आवाज येतो.

आजी काही बोलत नाही. अंगठ्याने पडदा दाबून पाणी पुन्हा वर आणते, आणि पुन्हा उतरू देते.