घरात कोण कोण असतं? मुलाला विचारा

(बडोद्यात मराठी श्रोत्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘बदलतं कुटुंब आणि मुलांचा अभ्यास’. त्याकडे येतेच, पण आधी एक गाऱ्हाणं मांडते. माझं म्हणणं त्यातूनच निघालेलं आहे.

आमच्या सोसायटीत एक आजोबा आहेत. मुलगा भरूच जिल्ह्यातल्या दहेज गावच्या कंपनीत, अंधारातच बस पकडतो. सून मकरपुऱ्याला नोकरीला. नात पहिलीत. तिला उठवणं, वेणी घालणं, डबा भरणं, दुपारी आणणं, पाढे घेणं, सगळं आजोबांकडे. आजी गेल्यावर शेजारच्या बेनकडून ते वेणी घालायला शिकले. दोन्ही वेण्या अगदी सारख्या येतात. इथे बसलेल्या किती आयांच्या येतात, ते हात वर करून सांगा! (हशा)

तर शाळेत पालकसभा होती. आजोबा इस्त्रीचा सदरा घालून गेले. दारातच सांगितलं गेलं, फक्त आई किंवा वडील. ते म्हणाले, तिचं सगळं मीच बघतो. उत्तर आलं, हो काका, पण नियम आहे. बिचारे परत आले. पुढच्या सभेला सुनेनं अर्धा दिवस रजा टाकली. बाईंनी विचारलं, डबा पूर्ण खाते का? शाळेतून आल्यावर काय करते? मैत्रीण कोण? ती माउली ‘एक मिनिट’ म्हणून बाहेर जिन्यात आली आणि सासऱ्यांना फोन लावला. उत्तरं घेऊन आत गेली, बाईंनी ती लिहून घेतली, सभा झाली. म्हणजे माहिती आजोबांचीच नोंदवली गेली, फक्त त्यांना खुर्ची मिळाली नाही.

मला राग सुनेचा नाही, आणि बाईंचाही नाही. बाईंपुढे छापील अर्ज असतो. त्यात आईचं नाव, वडिलांचं नाव, दोघांचं शिक्षण, दोघांचं उत्पन्न. आजोबांना जागा कुठे, तर ‘तातडीच्या वेळी संपर्क’. अहो, रोज सकाळ-दुपार मुलगी ज्यांच्या हाताखाली वाढते ते तातडीच्या वेळचे? त्या अर्जाला मुलीचं घर दिसतच नाही. आणि हे एकट्या शाळेचं नाही. कुटुंबांचा अभ्यास करणारे आम्ही लोकही वर्षानुवर्षं तेच करत आलोय. घरच्या कर्त्या माणसाला विचारायचं, घरात किती माणसं? तो सांगतो चार. लिहा चार.

माझं म्हणणं एवढंच, की हा प्रश्न मुलाला विचारा. मी बालवाडीत मुलांशी गप्पा मारताना विचारत असे, रात्री भीती वाटली तर कुणाकडे जातोस? पडलास तर कोण फुंकर घालतं? तुझ्यावर कोण रागावतं? एका मुलानं बोटांवर मोजून सांगितलं होतं, आई, बाबा, मोबाइलमधली आजी, वरच्या मजल्यावरच्या मासी आणि वॉचमनकाका. त्याच्या वडिलांनी अर्जात माणसं लिहिली होती तीन. कोणाचं उत्तर खरं? मुलाच्या वाढीचा अभ्यास करायचा असेल तर मुलाचं.

जनगणनेची पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब. धान्याचा हिशोब करायला ठीक आहे, पण मायेचा हिशोब चुलीवर होत नाही. आणि हे बडोद्याला नवं वाटू नये. आय. पी. देसाई आपल्या विद्यापीठात समाजशास्त्र शिकवत. सौराष्ट्रातल्या महुवा गावातल्या कुटुंबांवरचा त्यांचा अभ्यास १९६४ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी दाखवलं की भाऊ वेगळ्या घरांत राहू लागले म्हणून कुटुंब विभक्त झालं असं होत नाही. मालमत्ता, एकमेकांना पैसा पुरवणं, अडीअडचणीला धावून जाण्याचं बंधन, हे बघावं लागतं. फार मोठी गोष्ट सांगितली त्यांनी. मी त्यात एकच भर घालते. देसाईंनी पैशाचा आणि कर्तव्याचा धागा पकडला, आपण मुलाचा पकडू. आजी इथे अलकापुरीत आणि नातू न्यूजर्सीत, तरी रोज रात्री गोष्ट आजीच सांगत असेल, तर ते घर तुम्ही कुठल्या रकान्यात घालणार?

दांडिया बाजारच्या वाड्यांत वाढलेली मंडळी इथे पुष्कळ दिसतायत. तुम्ही लगेच म्हणाल, आमच्या वेळी घर कसं भरलेलं असे, आजी-आजोबा, काका-काकू. असेल, तुमच्या घरी असेल. पण एक गोष्ट लक्षात घ्या. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा भारतातलं सरासरी आयुर्मान जेमतेम ३२ वर्षांचं होतं. त्यात बालमृत्यूंचा वाटा मोठा होता हे खरं, पण मोठी माणसंही लवकर जात. नातवंडं शाळेत जाताना बघायला उरलेले आजोबा किती घरांत होते? आज आयुर्मान ७० च्या आसपास आहे. आजचं मूल आजी-आजोबांनाच काय, कधीकधी पणजीलाही ओळखतं.

कमी झालेत ते आडवे नातेवाईक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १९९२-९३ साली एका स्त्रीमागे सरासरी ३.४ मुलं होती, २०१९-२१ च्या पाहणीत २. एकुलत्याचं एकुलतीशी लग्न झालं की त्यांच्या मुलाला सख्खा काका नाही, मामा नाही, आत्या नाही, मावशी नाही. मामाच्या गावाला जायचं कुठून? ‘एकत्र कुटुंब मोडलं’ या रडण्यात हे कुणी बघतच नाही. घर नुसतं लहान झालेलं नाही, त्याची ठेवणच बदलली आहे. वर लांब, बाजूंना अरुंद. भांडायला चुलतभाऊ नाही, पण हट्ट पुरवायला चार म्हातारी माणसं! हे मूल वेगळंच वाढणार. त्याचा अभ्यास कोण करतंय?

सयाजीराव महाराजांचं नाव घेतल्याशिवाय मी बडोद्यात बोलणं संपवत नाही. तेही आजच्या विषयातलेच. कवळाण्याच्या शेतकरी घरातला गोपाळ १८७५ साली बारा वर्षांचा असताना खंडेराव महाराजांच्या विधवा राणी जमनाबाईंनी दत्तक घेतला, तेच हे सयाजीराव. नवी आई, नवं घर, शिकवायला इलियट साहेब. किती हातांनी वाढवलेलं हे मूल! याच राजानं १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला, १९०४ साली बालविवाहाविरुद्ध कायदा केला आणि १९०६ मध्ये सक्तीचं शिक्षण संस्थानभर नेलं. मुलाचं काय करायचं ते बाप ठरवेल, या समजुतीला इथे पहिल्यांदा सरकारनं हात घातला. हे वारसदारपण आपण नुसतं पुतळ्याला हार घालून…

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं, मग पत्रिकेवरच्या विषयाचं कबूल केलेलं तीन मुद्द्यांत भरभर सांगते.

एक. सांभाळणाऱ्यांत नेहमी मोठी माणसंच नसतात. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांना बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर दिसलं की मुलं शाळेत येत नाहीत, कारण ती धाकटी भावंडं सांभाळतात, गुरं राखतात. मग शाळाच मुलांच्या अंगणात गेली, गुरांमागे कुरणात गेली, आणि धाकट्यांसाठी पाळणाघर आलं. कडेवर भाऊ घेतलेली बहीण त्यांनी आधी नीट बघितली आणि मग शाळेचा आराखडा केला.

दोन. वेळ मोजा. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत एका दिवसात घरातल्यांची विनामोबदला देखभाल करणाऱ्या स्त्रिया २७.६ टक्के निघाल्या, पुरुष १४ टक्के. करणाऱ्या स्त्रीची सरासरी १३४ मिनिटं, पुरुषाची ७६. बाबा लोक बदलतायत हे मी रिक्षा-स्टँडवर डोळ्यांनी बघते, आनंदही होतो. पण अजून अर्ध्या वाटेवर आहेत.

तीन. कायदा. २०१७ पासून प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली, ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. उत्तम. पण ज्या आयांची नोकरी कागदावरच नाही, ज्या तुमच्या-माझ्या घरी पोळ्या करून जातात, त्यांचं मूल त्या वेळात कुणाकडे असतं? आज घरी गेल्यावर विचारा त्यांना. मी विचारलंय. बहुतेक वेळा उत्तर ‘शेजारी’ असं येतं, आणि त्या शेजारणीचं नाव कुठल्याही अर्जात नसतं.

तेव्हा इथे शाळा चालवणारे, शिकवणारे जे कोणी आहेत त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. जूनच्या अर्जात एक ओळ वाढवा: ‘दुपारी मूल कुणाजवळ असतं?’ ते उत्तर मुलाकडूनच घ्या. आणि ज्या माणसाचं नाव येईल त्याला पालकसभेला बोलवा.

अध्यक्षांची परवानगी असेल तर दोन प्रश्न घेते. मागच्या रांगेतल्या बाई, तुमचा हात मघापासून वर आहे. विचारा.