बावखलाकाठची मीटिंग

(रविवार सकाळ. वसईतल्या एका चर्चच्या मागचं मैदान. प्लास्टिकच्या खुर्च्या ओढल्याचा आवाज.)

आठची मिस्सा, म्हणजे चर्चमधली रविवारची उपासना, सुटलीय. पुढच्या दाराशी नेहमीचं चाललंय, कुणाची गाडी कुणाच्या मागे अडकलीय, कुणी लग्नाची पत्रिका देतंय, फादरांभोवती चारपाच जणांचा घोळका. आपला कॅमेरा मात्र तिकडे नाही, आपण मागे आलोय, जिथे अकरा पोरं गोल करून बसलीत. सातवी ते नववीची. एक मोठा माणूस पण आहे बघा, त्या जांभळीला टेकून बसलेला, त्याला ॲनिमेटर म्हणतात, म्हणजे ग्रुपच्या सोबतीला असणारा मोठा. तो जवळजवळ अख्खी मीटिंग काहीच बोलणार नाहीये. आणि खरं सांगायचं तर ही फिल्म त्या न बोलण्याबद्दलच आहे.

मीटिंग चालवतेय ती नववीतली मुलगी. मांडीवर वही, कानामागे पेन. ती विचारते, ह्या आठवड्यात कुणी काय पाहिलं?

सगळे गप्प.

मग एक जण म्हणतो, शाळेसमोरचा वडापाव महाग झाला. हसतात सगळे. ती हसत नाही, वहीत लिहून घेते. हे मला फार आवडलं. मग सातवीतला एक बारकासा पोरगा म्हणतो, आमच्या आळीतल्या बावखलात रात्री कुणीतरी टेम्पोने डेब्रिज टाकतंय, मी गच्चीवरून पाहिलं.

ज्यांना बावखल माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. वसईच्या पश्चिम पट्ट्यात घरांच्या आणि वाड्यांच्या मध्ये गोड्या पाण्याची ही छोटी तळी असायची, पावसात तुडुंब भरायची, त्यावर रहाट चालायचे, केळीच्या आणि पानवेलीच्या बागा भिजायच्या, आजूबाजूच्या विहिरींना त्यातलंच पाणी झिरपायचं. मी स्वतः पोहायला बावखलात शिकलो, म्हणजे शिकलो काय, काकाने ढकललं. आता बरीचशी बुजलीत. वर बंगले आलेत.

(बावखल. अर्ध्यात पाणी आणि जलपर्णी, अर्ध्यात फुटक्या टाइल्स.)

मुलांच्या ह्या ग्रुपला वायसीएस म्हणतात, यंग ख्रिश्चन स्टुडंट्स. आणि ती जे करतायत त्याची पद्धत ह्यांनी शोधलेली नाही, ती बेल्जियमहून आलीय. जोसेफ कार्डिन नावाचा मुलगा, जन्म १८८२ चा, बाप कोळसा विकायचा. हा फादर व्हायला सेमिनरीत गेला आणि बरोबरीची पोरं लागली कारखान्यात. सुट्टीत घरी आला तर तेच मित्र त्याच्याशी नीट बोलेनात, त्यांच्या लेखी हा आता पलीकडच्या बाजूचा झाला होता. हे त्याला आयुष्यभर लागून राहिलं. पुढे फादर झाल्यावर त्याने कामगार पोरापोरींना धरून जे उभं केलं ते १९२५ साली यंग ख्रिश्चन वर्कर्स म्हणून पुढे आलं, त्याच मुशीतून मग विद्यार्थ्यांची वायसीएस.

त्याचं म्हणणं साधं होतं. पाहा, पारखा, कृती करा. आधी आपल्या आजूबाजूला काय चाललंय ते डोळे उघडून बघा, मग ते सुवार्तेच्या, म्हणजे येशूच्या शिकवणुकीच्या उजेडात तपासा, मग काहीतरी करा, छोटं का असेना पण करा. आणि हे पोरांचं पोरांनी, पोरांमध्ये राहून करायचं, मोठ्यांनी वरून हुकूम सोडायचे नाहीत. १९६१ साली पोप तेविसावे जॉन यांनी आपल्या विश्वपत्रात, म्हणजे जगभरच्या चर्चला लिहिलेल्या पत्रात, ह्याच तीन पायऱ्या घेतल्या, आणि १९६५ मध्ये कोळसेवाल्याचा हा मुलगा कार्डिनल झाला, म्हणजे पोपच्या खालोखालचा मान.

आता माझं सांगतो. आमच्या वेळी लीडर म्हणजे कोण, तर ज्याचं वाचन चांगलं, ज्याला माइकची भीती नाही, ज्याचा नंबर वर. मी वेदीसेवक होतो, म्हणजे मिस्साला फादरांच्या हाताखाली मदत करणारा पोरगा, धर्मशिक्षणाच्या वर्गाचा मॉनिटर पण होतो, आणि मॉनिटर म्हणून माझं काम काय होतं तर बडबड करणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची. दोन वर्षं मी तेच केलं. बॅज होता मला, चकचकीत. पण ह्या दोन वर्षांत मी स्वतः काही ठरवलंय असं एकदासुद्धा झालं नाही, सगळं ठरवून मिळायचं, गाणं कुठलं, रांग कशी, गॅदरिंगला कोण मेंढपाळ कोण देवदूत. आणि मग आम्ही मोठे झाल्यावर हेच ठरवून देणारे लोक म्हणणार, आजची तरुण पिढी पुढे येत नाही.

(परत मीटिंग.)

दुसरी पायरी, पारखा. मला वाटलेलं इथे आता प्रवचन होणार. तसं झालं नाही. आठवीतल्या एकाने योहानच्या शुभवर्तमानातला पाच भाकरींचा उतारा वाचला, सहावा अध्याय. पाच हजार माणसं उपाशी, शिष्य हिशोब करतायत की एवढ्यांना जेवायला घालायला पैसे किती लागतील, आणि त्यांच्यातला अंद्रिया म्हणतो इथे एक मुलगा आहे, त्याच्याकडे जवाच्या पाच भाकरी आणि दोन मासळ्या आहेत. येशू तेच सगळ्यांना वाटतो आणि सगळे पोटभर जेवतात. नववीतली विचारते, त्या मुलाचं नाव काय? पोरं बायबल चाळायला लागली. नाव नाहीच. एक जण म्हणतो, मग त्याला फेमस व्हायचं नसेल. दुसरी म्हणते, किंवा त्याला कुणी विचारलंच नाही. ह्यावर दहा मिनिटं जुंपली.

त्यांच्यात एक मुलगा आहे जो ख्रिस्ती नाही. त्याच शाळेत, त्याच बाकावर, मित्राबरोबर यायला लागला. अशांसाठी ह्याच चळवळीचं दुसरं नाव आहे, वायएसएम, यंग स्टुडंट्स मूव्हमेंट, कारण प्रश्न काही धर्म विचारून येत नाहीत. भाकरीची गोष्ट त्याने पहिल्यांदाच ऐकली आणि त्याचा प्रश्न सगळ्यात भारी होता: त्या पोराला घरी गेल्यावर आई ओरडली नसेल का, डबा वाटून आला म्हणून?

मग तिसरी पायरी, आणि इथेच घोळ झाला.

सगळ्यांचं ठरलं की तक्रार अर्ज द्यायचा, बोर्ड रंगवायचा, फोटो काढून ग्रुपवर टाकायचे. जोरात होते एकदम. आणि इतका वेळ गप्प बसलेली एक मुलगी हळूच म्हणाली, ते बावखल आमच्या आजीचं आहे.

(शांतता. कॅमेरा ॲनिमेटरवर. तो जमिनीकडे बघतोय.)

हा क्षण मी एडिटला कितीतरी वेळा पाहिला. तिथे कुठलाही मोठा माणूस मध्ये पडला असता, मी तर नक्की पडलो असतो, की बरं बरं, राहू दे आता, आपण झाडं लावू. तो पडला नाही. नववीतलीने वही मिटली, म्हणाली, मग अर्ज नको, आधी आजीला विचारू. बोर्डवाला रुसला, त्याने घरून रंग आणला होता.

आजीकडे पाच जण गेले. ओटीवर बसवलं, चहा दिला. आणि आजी म्हणाली, पोरांनो, टेम्पो मीच यायला सांगितलाय. पाणी कोण शेंदतंय आता, रहाट मोडून किती वर्षं झाली, मच्छर होतात, आणि मुलांना घर बांधायचंय तर जागा लागणार की नको? पोरांकडे ह्याचं उत्तर नव्हतं. खलनायक शोधायला गेलेली पोरं आणि समोर चहा देणारी आजी.

मग तो सातवीतला बारका म्हणाला, आजी, तुमची विहीर बघू का? बघितली. दोर सोडला, कुठे ओला झाला तिथे गाठ मारली, टेपने मोजलं. आजीला आठवत होतं पूर्वी पाणी कुठवर असायचं, तिने कठड्याखालचा दगड दाखवला. मोजलेलं आणि आठवलेलं वहीत शेजारी शेजारी लिहिलं. वाद घातला नाही कुणीच.

वसईला हा विषय नवीन नाही हो. हरित वसईच्या चळवळीत फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे होते, पाणी आणि शेती ह्यावर ते चर्चबाहेर येऊन सगळ्यांबरोबर रस्त्यावर उतरले, तेच दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. आणि फार मागे जायचं तर संत गोन्सालो गार्सिया, इथलाच, वसईत जेझुइट ह्या कॅथलिक संघाच्या फादरांकडे शिकलेला, पोरवयातच जपानला गेला, तिथली भाषा शिकला आणि लोकांना धर्म समजावून सांगायला लागला. १५९७ ला नागासाकीला क्रूसावर गेला, १८६२ ला संत. आपण त्याचा सण करतो, मिरवणूक काढतो. पण तो कुणाच्या तरी बरोबर एक शाळकरी पोरगा म्हणून गेला होता, त्याला कुणीतरी कामाला लावलं होतं, हे सांगायचं राहून जातं.

अडचणी आहेतच. सगळ्यात मोठी म्हणजे दहावी. नववीचा निकाल लागला की ग्रुपमधून नाव कट, रविवारी पण क्लास. एका आईने मला कॅमेऱ्यासमोर नाही पण जिन्यात सांगितलं, फादर चांगले आहेत, पण ह्याचे मार्क मिळतात का कुठे? नाही मिळत ताई.

आजीने उरलेल्या अर्ध्या बावखलाचं अजून काही ठरवलेलं नाही. टेम्पो यायचा थांबलाय, कायमचा की पावसापुरता ते तिलाच माहीत. बुजलेला भाग तसाच आहे. बोर्डवाल्याच्या रंगाने पोरांनी विहिरीच्या कठड्यावर आतून खुणा केल्यात, दर महिन्याला एक, आणि त्या रंगवताना एक ब्रश पाण्यात पडला तो अजून तिथेच तरंगतोय.

(वहीचं पान जवळून. निळं पेन, काही ठिकाणी खोडलेलं.)

शेवटच्या मीटिंगच्या नोंदीत असं लिहिलंय: हजर नऊ. वाचन झाले. आजीने ब्रश काढायला सांगितले आहे. पुढच्या रविवारी गळ कोण आणणार? आणि त्यापुढे दोन नावं लिहून एक खोडलंय.