नेफरतारी कोणाशी खेळतेय?

ही स्लाईड जरा वेळ तशीच राहू दे. इजिप्तचा राजा रामसेस दुसरा, त्याची पट्टराणी नेफरतारी, आणि ही तिची कबर, लक्सरला नाईलच्या पश्चिम काठावर, राण्यांच्या खोऱ्यात. १९०४ मध्ये स्कियापारेली नावाच्या इटालियन संशोधकाला सापडली. आता चित्र नीट बघा. राणी खुर्चीत बसलीये, समोर पट मांडलाय, सोंगट्या उभ्या आहेत, हात पुढे आलाय, आणि समोर कोणीच नाही. रंग उडालाय किंवा भिंत पडलीये असं काही नाहीये हं, तिथे कोणाला काढलेलंच नाही. तर आज मला मुख्यतः एवढंच बोलायचंय, की हा समोरचा भिडू गेला कुठे.

खेळाचं नाव सेनेत. तीस घरं, दहा-दहाच्या तीन ओळी, सोंगटी नागमोडी फिरत शेवटच्या घरापर्यंत न्यायची. दान पाडायला चार काड्या, एक बाजू सपाट, एक गोल, म्हणजे आपण कवड्या टाकून उलट्या किती पडल्या ते मोजतो ना, तसाच हिशोब. खेळ भयंकर जुना आहे. सक्कारामध्ये हेसी-रा म्हणून तिसऱ्या राजवंशातल्या एका मोठ्या अधिकाऱ्याची कबर आहे, साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वीची, त्याच्या भिंतीवर एक नाही तर तीन खेळ रंगवलेत, सोंगट्यांच्या पेट्यांसकट, जसं बाकीचं फर्निचर आणि भांडीकुंडी रंगवलीत तसंच. सामान म्हणून. पुढच्या आयुष्यात बसायला खुर्ची लागेल, झोपायला पलंग लागेल, मग वेळ घालवायला पण काहीतरी लागेलच की.

त्या तिघांतला मेहेन मला फार आवडतो. वेटोळं घातलेला साप, अंगावर घरं पाडलेली, आणि सोंगट्या म्हणजे हस्तिदंती सिंह-सिंहिणी आणि छोट्या गोट्या. जुन्या राज्यानंतर, म्हणजे पिरॅमिड बांधणाऱ्या राजांच्या काळानंतर, हा खेळ इजिप्तमधून जवळपास नाहीसाच झाला, पण मेहेन हा नागदेव मात्र राहिला, रात्रीच्या प्रवासात सूर्याभोवती वेटोळं घालून त्याला सांभाळणारा. खेळ गेला, देव राहिला. सेनेतचं नशीब वेगळं निघालं.

जुन्या राज्याच्या कबरींत सेनेत खेळताना दोन माणसं समोरासमोर दिसतात. काही ठिकाणी तर ते काय बोलतायत तेही चित्राशेजारी कोरलंय, आणि त्यात परलोक, देव, मोक्ष असलं काही नाही, सरळसरळ एकमेकांना डिवचणं चाललंय, तुझी सोंगटी आता उचलतोच बघ, टाईपचं. मग पुढे हजार-बाराशे वर्षांनी, नव्या राज्यात, म्हणजे नेफरतारीच्या काळात, चित्र बदलतं. मृतांचं पुस्तक म्हणजे मेलेल्या माणसासोबत द्यायचे मंत्र, त्याचा सतरावा अध्याय आहे, त्याच्या सुरुवातीलाच मेलेल्या माणसाने जी कामं करायची त्यात मंडपात बसून सेनेत खेळणं येतं, आणि मग त्याचा जीव, ज्याला ते ‘बा’ म्हणायचे, तो बाहेर पडतो. नेफरतारीचं चित्र याच अध्यायाचं आहे. ब्रिटिश म्युझियममध्ये अनी नावाच्या माणसासाठी लिहिलेला याच पुस्तकाचा पपायरस, म्हणजे इजिप्तचा जुना कागद, आहे, त्यावर अनी खेळतोय आणि बायको तुतू त्याच्याच बाजूला, पाठीशी बसलीये, विरोधात नाही. देर अल-मदिनाला सेननेजेम नावाचा कारागीर होता, त्याच्या कबरीच्या लाकडी दारावरही नवरा-बायको दोघं पटाच्या एकाच बाजूला. म्हणजे समोरची खुर्ची रिकामी ठेवायची पद्धतच पडली. शेवटच्या पाच घरांनाही अर्थ चढत गेले, सव्विसावं शुभ घर, सत्ताविसावं पाण्याचं, तिथे पडलात की गेलात, आणि तिसावं होरस देवाचं.

आता इथे डॉक्युमेंटरीवाले लगेच ‘मृत्यूचा खेळ’ म्हणून मोकळे होतात आणि मागे ते घूं घूं म्युझिक. मला हे पटत नाही. आपल्याला पट सापडतात ते मुख्यतः कबरींत, कारण कबरी वाळवंटात, कोरड्या जागी, आणि घरं नदीकाठी ओलीत, मातीच्या विटांची, ती गेली. त्यामुळे सगळं कबरीतून बघायची सवय लागते. तुतनखामेन राजाच्या कबरीत १९२२ मध्ये सेनेतचे अनेक पट निघाले, एक आबनूसचा थाटाचा, पायांवर उभा, आणि एक एवढासा, कुठेही घेऊन जाता येईल असा. आणि या पेट्यांच्या खालच्या बाजूला दुसराच खेळ असतो, वीस घरांचा, पश्चिम आशियातून आलेला. पेटी उलटी करा की गेम बदलला. नुसतं परलोकात जायचं तिकीट असतं तर त्याच्या पाठीवर परदेशी टाईमपास कशाला कोरतील? अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा होता हो तो.

बरं, भिडू कोण, याला चित्रांत उत्तर नाही, गोष्टीत मात्र आहे. रामसेसचा मुलगा खाएमवासेत, नेफरतारीचा सावत्र मुलगा म्हणा, खराखुरा माणूस, मेम्फिसमध्ये प्ताह देवाचा मुख्य पुजारी. हजारेक वर्षांनी, ग्रीक राजांच्या काळात, त्याच्यावर सेतने नावाने कथा रचल्या गेल्या. एका कथेत तो थोथ देवाचा जादूचा ग्रंथ चोरायला एका कबरीत उतरतो, तिथे त्या मेलेल्या राजपुत्राचं, नानेफेरकाप्ताहचं भूत बसलेलंच असतं, आणि ते म्हणतं, पुस्तक पाहिजे ना, मग खेळ. पहिला डाव भूत जिंकतं, सेतनेच्या डोक्यात पटच हाणतं आणि तो पायांपर्यंत जमिनीत रुततो. दुसऱ्या डावात कमरेपर्यंत. तिसऱ्यात कानापर्यंत. मग भाऊ धावत जाऊन ताईत आणतो तेव्हा साहेब वर येतात, पुस्तक घेऊन पळतात, आणि पुढे एवढे भोग भोगतात की शेवटी ते परत नेऊन ठेवावं लागतं. म्हणजे जिवंत आणि मेलेला यांच्यामध्ये पट, ही कल्पना लोकांना अजिबात परकी नव्हती, आणि त्यात भीती होती तेवढीच गंमतही होती.

गंमतच बघायची तर हे शेवटचं, हाही पपायरस ब्रिटिश म्युझियममध्येच आहे. सिंह आणि हरीण सेनेत खेळतायत. सिंहाचा चेहरा बघा, जिंकलाच आहे तो! आणि हा साधारण त्याच रामसेस राजांच्या काळातला, म्हणजे एकीकडे कबरींत तो गंभीर अध्याय रंगवला जात होता आणि दुसरीकडे कोणीतरी बसून ही टिंगल काढत होतं.

नियमांचं म्हणाल तर इजिप्तच्या लोकांनी लिहिलेले नियम सापडलेलेच नाहीत. बाजारात जे सेट मिळतात ते अभ्यासकांनी चित्रांवरून आणि पटांवरून लावलेले अंदाज आहेत, आणि दोन सेटमध्ये दोन वेगळे नियम निघतात. तिकडे मागच्या टेबलावर एक पट ठेवलाय, काड्या पण आहेत, बसा खेळायला, आणि भांडण झालं तर माझ्याकडे येऊ नका.