स्लरी वाढली कुणाच्या ताटात?

मंडळी, गोबरगॅसच्या स्लरीबद्दल, म्हणजे गॅस निघाल्यावर टाकीतून बाहेर येणाऱ्या शेणकाल्याबद्दल, आपल्या सोलापूर भागात एक समज घट्ट बसलाय. स्लरी म्हणजे जिवाणूंचा साठा, रानात ओतली की जमीन जिवंत झाली! साठा आहे, खोटं नाही. पण कुणाचा? टाकीत मिथेन तयार करणाऱ्या जिवाणूंना हवा सोसत नाही. वाफशाच्या, म्हणजे ओल आणि हवा दोन्ही असलेल्या, रानात त्यांचा टिकाव लागत नाही. पुढचं काम करतात ते तुमच्या मातीतले जुने रहिवासीच. आपण फक्त त्यांचं ताट वाढतो.

त्या ताटात काय असतं? शेणातला पचायला सोपा कार्बन गॅस होऊन तुमच्या शेगडीत जळाला. नत्र मात्र बहुतेक सगळं मागं राहिलं, आणि त्यातलं बरंचसं अमोनियाच्या रूपात. अमोनियाचं नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंची मग चंगळ होते आणि पीक लवकर हिरवं दिसतं. कार्बनवर जगणाऱ्यांना मात्र ताज्या शेणापेक्षा कमीच मिळतं. त्यांच्या वाट्याला लिग्निनसारखा चिवट भाग येतो. तो बुरशी सावकाश कुरतडत बसते. स्लरीला मी वाईट म्हणत नाही, नुसत्या स्लरीवर भागत नाही एवढंच सांगतोय.

आपली जमीन काळी, चुनखडीची, सामू (pH) बऱ्याच ठिकाणी आठच्या वर. अशा जमिनीवर भर दुपारी स्लरी पसरली की अमोनिया हवेत जातो. नाकाला झोंबणारा तो वास म्हणजे उडून चाललेलं तुमचं नत्र. संध्याकाळी द्या, लगेच मातीआड करा. आणि रान आधीच चिबाड, म्हणजे पाणी साचून राहिलेलं, असेल तर थांबा. ओल आणि हवा दोन्ही असतील तरच मातीतली ही मंडळी नीट काम करतात. हवा कोंडली की वेगळे जिवाणू पुढे सरसावतात आणि नायट्रेटचा वायू करून टाकतात.

मघाशी एका काकांनी विचारलं, उसाचं पाचट (वाळलेला पाला) ठेवलं की खोडवा (तोडणीनंतर बुडख्यांतून पुन्हा फुटलेला ऊस) पिवळा पडतो, मग पेटवू नको तर काय करू? काका, पाचटात कार्बन भरपूर, नत्र नावाला. ते कुजवताना जिवाणू मातीतलं नत्र ओढून घेतात आणि ऊस उपाशी राहतो. स्लरीचं अगदी उलट आहे. दोघांची जोडी लावा. पाचट सरीत दाबा, त्यावर स्लरी सोडा. बुरशीला कार्बन मिळेल, जिवाणूंना नत्र.

माझ्यावर विश्वास ठेवू नका. घरातला जुना सुती टॉवेल घ्या, सोलापुरात त्याला काय तोटा! पांढरा, बिनरंगाचा. त्याचे तीन सारखे तुकडे करा. एक नुसत्या मातीत, एक स्लरी दिलेल्या सरीत, एक पाचट आणि स्लरी दिलेल्या सरीत, वीतभर खोल पुरा. जागेवर खुंट्या ठोका, नाहीतर सापडायचे नाहीत. ओल टिकवा. दोन महिन्यांनी उकरा. कापूस खाणारे जिथं जास्त, तिथं कापडाच्या चिंध्या झालेल्या असतील. शिलाई पॉलिस्टरची असेल तर तेवढी तशीच निघेल.