पूर्वग्रह एका दुपारच्या प्रशिक्षणाने जातो का?

नमस्कार मंडळी. एप्रिल 2018, फिलाडेल्फिया. स्टारबक्समध्ये दोन कृष्णवर्णीय तरुण कुणाची तरी वाट पाहत बसले होते. काही विकत घेतलं नव्हतं. मॅनेजरने पोलीस बोलावले आणि त्या दोघांना बेड्या पडल्या. देशभर संताप उसळला. 29 मे रोजी कंपनीने अमेरिकेतली 8,000हून जास्त दुकानं दुपारी बंद ठेवली आणि सुमारे 1,75,000 कर्मचाऱ्यांना प्रशिक्षणाला बसवलं.

अशा प्रशिक्षणाचा परिणाम टिकतो का? मानसशास्त्रज्ञ केल्विन लाय आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये सहा हजारांहून जास्त लोकांवर नऊ उपाय तपासले. मनातला नकळतचा कल चाचणीत लगेच कमी दिसला, पण काही तासांत, फार तर काही दिवसांत, परिणाम ओसरला. मला याचं नवल वाटत नाही. घाईत, अर्धवट माहितीवर निर्णय घ्यावा लागतो तेव्हाच हा कल डोकं वर काढतो. मग अडवायचाही तिथेच.

म्हणून ओकलंडचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. कॅलिफोर्नियातल्या या शहरात पोलिसांनी कुणाला अडवलं की फॉर्म भरावा लागतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ जेनिफर एबरहार्ट यांच्या सहकार्याने त्यात एक प्रश्न वाढवला: याच माणसाचा एखाद्या ठरावीक गुन्ह्याशी संबंध आहे, अशी माहिती तुमच्याकडे आधीपासून होती का?

बस, एवढंच. पण हे उत्तर लिहावं लागणार हे माहीत असलं की गाडी थांबवण्याआधीच अधिकारी क्षणभर विचार करतो. ‘संशय आला’ एवढ्यावर भागत नाही. 2017 मध्ये सुमारे 32,000 लोकांना अडवलं होतं, 2018 मध्ये सुमारे 19,000. कृष्णवर्णीयांना अडवण्याच्या घटना 43 टक्क्यांनी घटल्या. सगळं श्रेय त्या प्रश्नाला देऊ नये. हे पोलीस खातं 2003 पासून न्यायालयाच्या देखरेखीखाली होतं. तरीही सवय मोडायची ती अशी, हातातल्या कामातच.

आपल्याकडेही हे लागू पडतं. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा 2007 मधला अभ्यास सांगतो की पात्रता सारखीच असूनही अर्जावर दलित नाव असलं तर खासगी कंपन्यांकडून बोलावणं कमी येतं. तुम्ही माणसं निवडत असाल, तर अर्ज उघडण्याआधी निकष लिहून काढा. ज्याला नाकारलं, तो कोणत्या निकषात बसला नाही ते एका ओळीत लिहा. ‘आपल्या टीममध्ये जमणार नाही’ एवढंच लिहिता आलं, तर तो अर्ज पुन्हा वाचा.