भेटीची वेळ आणि बिजासणचा घाट

नमस्कार श्रोतेहो.

दवाखान्यातली भेटीची वेळ आपण इंदूरकरांनी कधी फारशी मनावर घेतलेली नाही. माणूस पलंगाला लागला की आत्या, मावशी, शेजारच्या काकू, सगळ्यांनी डोकावून जायचं, आणि रोग्याला पथ्य असलं तरी पोहे-जिलबीचा पुडा उशाशी ठेवायचा. २०२० च्या मार्चअखेर कोरोनाच्या साथीमुळे ही वर्दळ एका फटक्यात थांबली. ती थांबायलाच हवी होती, त्याबद्दल माझा वाद नाही. तक्रार आहे ती वेगळीच. बंदी एका दिवसात आली, पण त्या बंदीतही कुणाला, केव्हा आणि कसं आत सोडायचं, हे लिहून काढायला कुणी बसलं नाही. इंदूरच्या मराठी घरांत तर हा प्रश्न थेट राज्याच्या सीमेवर जातो. रोगी इथे, लेक जळगावला आणि भाऊ धुळ्याला, हे आपल्याकडे घरोघरचं.

मी तेव्हा एका खाजगी रुग्णालयाच्या मदत कक्षात होते. घरची मंडळी पिशव्या आणून द्यायची. पिशवीवर चिकटपट्टी, पट्टीवर मार्करने नाव आणि पलंगाचा नंबर. आत टॉवेल, मुगाची खिचडी, एखादी जपमाळ. कवळी मात्र घरी राहिलेली. चष्मा राहिलेला. कानाचं मशीन फ्रिजवर. मोबाइल आला तर चार्जर नाही, आणि चार्जर आला तर पलंगामागच्या प्लगला मॉनिटर लावलेला. पीपीई किटमध्ये घामाघूम झालेल्या सिस्टरने कुणाकुणाचे फोन चार्ज करायचे? फोन बंद पडला की बाहेर घरच्यांच्या जिवाची घालमेल सुरू.

सरकारला हे सुचलंच नव्हतं असंही नाही. २९ जुलै २०२० ला केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने राज्यांना पत्र पाठवलं. वॉर्डात मोबाइल आणि टॅब्लेट वापरू द्या, घरच्यांशी बोलून रोग्याला धीर येतो, उपकरणं निर्जंतुक करण्याची रीत आणि बोलण्याच्या वेळा ठरवून घ्या, असं त्यात होतं. त्याही आधी, १५ मार्च २०२० च्या सूचनांमध्ये, मृताच्या पिशवीची चेन तोंडापाशी उघडून घरच्यांना शेवटचं दर्शन घेऊ द्यावं, स्पर्श न करता होणारे विधी करू द्यावेत, अस्थी गोळा करण्यात धोका नाही, इतकं स्वच्छ लिहिलेलं होतं. आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक होतं? दिल्लीचा कागद भोपाळला आला, भोपाळहून जिल्ह्याला आला, पण रात्रपाळीच्या गार्डपर्यंत काही पोचला नाही. गार्डला एवढंच ठाऊक, की कुणालाही सोडायचं नाही.

अटेंडर, म्हणजे रोग्याच्या सोबतीला थांबणारं घरचं माणूस, ही रिकामटेकडी गर्दी, ही समजूतही काढून टाकायला हवी. पांढरी गोळी सकाळी आणि अर्धी रात्री, हे बायकोला पाठ असतं, नवऱ्याला नव्हे. सेंधव्याच्या पलीकडून आलेल्या एका आजोबांच्या कागदावर 'प्रतिसाद देत नाहीत' असं लिहिलं होतं. मुलाचा व्हिडिओ कॉल लागला आणि त्याने अहिराणीत हाक मारली, तर आजोबा सुरूच झाले. छातीत कुठे दुखतं, गावी कुठला डॉक्टर, सगळं. डॉक्टरांना हवी असलेली माहिती त्या एका फोनवर मिळाली.

आता मध्य प्रदेश आणि महाराष्ट्राच्या सीमेवरच्या बिजासण घाटाकडे येऊ. आपल्या घटनेत सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालयं राज्यांकडे, साथ एका राज्यातून दुसऱ्यात जाऊ नये हा विषय समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांकडे, आणि आंतरराज्य क्वारंटाइन केंद्राकडे. खोकला एक, याद्या तीन! २० मार्च २०२१ पासून मध्य प्रदेशाने महाराष्ट्राच्या बसगाड्या बंद केल्या. साथ चढणीला होती, निर्णय समजण्यासारखा होता. पण बिजासणच्या अलीकडे बाप आयसीयूत आणि पलीकडे लेक, तर तिने काय करायचं? ई-पास काढा, अॅपवर कागद चढवा, आणि मंजुरीची वाट पाहा. रुग्णालयाने दिलेली चिठ्ठी हाच पास, असं दोन्ही राज्यांनी मिळून ठरवलं असतं तर बिघडलं काय असतं?

ऑक्सिजनच्या बाबतीत दोन्ही राज्यांना हे जमलं होतं. सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राने आपला ऑक्सिजन आधी आपल्या रुग्णालयांसाठी राखायचं ठरवलं आणि आपल्याकडचा पुरवठा अडचणीत आला. तेव्हा दोन्ही मुख्यमंत्री फोनवर बोलले आणि केंद्रानेही ऑक्सिजनच्या गाड्या अडवू नका असं राज्यांना कळवलं. पुढे एप्रिल २०२१ मध्ये वायुदलाच्या विमानांनी इंदूरहून रिकामे टँकर गुजरातेत जामनगरला नेले. भरलेला टँकर विमानात चढवता येत नाही, म्हणून येताना ते रस्त्याने आले. टँकरला सीमा ओलांडता आली, लेकीला मात्र नाही.

८ मे २०२१ ला केंद्राचं आणखी एक धोरण आलं. रोगी दुसऱ्या शहरातला आहे किंवा त्याच्याकडे त्या शहराचं ओळखपत्र नाही, म्हणून त्याला परत पाठवायचं नाही. चांगलंच झालं. पण ते रोग्यापुरतं. सोबतच्या माणसाचं काय, यावर त्यात काही नव्हतं. युरोपात मार्च २०२० मध्ये जर्मनीने फ्रान्सच्या सीमेवर तपासणी बसवली, आणि त्याच महिन्यात अल्सासमधले व्हेंटिलेटरवरचे फ्रेंच रोगी आपल्या रुग्णालयांत घेतले. आयर्लंड आणि उत्तर आयर्लंडच्या आरोग्य खात्यांनी एप्रिल २०२० मध्ये सहकार्याचा लेखी करार केला. मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेत देशादेशांमधला महामारी करारही मंजूर झाला. जिनिव्हात इतके देश एका कागदावर येतात, मग घाटाच्या अलीकडचा बडवानी आणि पलीकडचा धुळे या दोन जिल्ह्यांना काय अवघड आहे?

आणि हे आपल्या इंदूरने सुरू करावं, याला कारण आहे. १९९४ साली सुरतेत प्लेगची बातमी आली आणि आपल्याकडचं मोठं सरकारी एमवाय रुग्णालय रिकामं करून उंदरांचा बंदोबस्त झाला. त्या साफसफाईच्या पाठोपाठ तिथे रुग्णालयाचा कारभार पाहणारी रोगी कल्याण समिती उभी राहिली, आणि पुढे ही पद्धत देशभर गेली. सरकारी रुग्णालयांतल्या या समित्यांपुढे दोन-तीन गोष्टी ठेवता येतील. मरणासन्न रोगी, लहान मूल, बाळंतीण आणि बोलू न शकणारा माणूस यांच्यापाशी ठरलेला एक जण किट घालून जाईल. घरी रोज ठरल्या वेळी फोन जाईल आणि तो कोण करणार त्याचं नाव लिहिलेलं असेल. परराज्यातल्या नातेवाइकाला रुग्णालयाची चिठ्ठी मिळेल. साथ नसतानाच हे ठरवायचं, कारण साथ आली की कुणाला सवड नसते. दर मंगळवारी कलेक्टर कचेरीत जनसुनवाई, म्हणजे लोकांची गाऱ्हाणी ऐकण्याची बैठक, असते, तिथे साध्या कागदावरचा अर्जही घेतात.

नमस्कार.