ओढ्याकाठची फेरी

(अंधार. हेडलाइटचा एकच हलता गोल. काही क्षण फक्त श्वास आणि चेनचा आवाज.)

सकाळचे पावणेसहा. मुंबईत गोरेगावला हायवे सोडून आरेच्या जंगलात शिरलं की दोन वळणांत अंगावर गारवा येतो. दिवाळीच्या आगेमागे इथून स्कूटरवरून गेलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

कॅमेरा स्वाराच्या छातीवर बांधलाय. म्हणून तुम्हाला हँडल दिसतंय, ब्रेकवर ठेवलेलं एकेक बोट दिसतंय आणि पुढे दोन वीत रुंदीची मातीची वाट. बाकी सगळं गवत, छातीपर्यंत.

ही शर्यतीची फेरी. लांबी साडेचार किलोमीटर, आणि अशा पाच फेऱ्या मारायच्या. डांबरावर सायकल चालवणारी आमची मित्रमंडळी हा आकडा ऐकून हसतात. साडेबावीस किलोमीटर? तेवढे तर त्यांचे चहाच्या आधी होतात. इथे पहिला येणारासुद्धा दीड तास घेतो. माउंटन बाइकच्या या प्रकाराला क्रॉस कंट्री म्हणतात. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकपासून तो ऑलिंपिकमध्ये आहे. आमच्याकडे तो म्हशींच्या गोठ्यामागून सुरू होतो.

(उजाडतं. कुरणाच्या कडेचा चढ. मागे तबेल्यांची कौलं.)

पहिला चढ पॅराग्रासच्या कुरणाला लागून. हे गवत म्हशींसाठी. १९४९ मध्ये आरे दूध वसाहत उभी राहिली, शहरातले गोठे इथे हलवले गेले, आणि त्यांच्या वैरणीसाठी ही कुरणं आली. म्हणजे ज्याला आपण जंगल म्हणतो, त्यात बरंचसं माणसाने पेरलेलंही आहे. असो. चढ संपतो तिथे एक उंबर. उंबराच्या पुढे वाट एकदम खाली वळते आणि पाण्याचा आवाज सुरू होतो.

(ओढा. दहा सेकंद निवेदन नाही.)

ओढ्याला नाव नाही. पाड्यावर विचारलं तर म्हणतात, "ओहोळ." पाणी पुढे मिठी नदीकडे जातं. तीच मिठी, जिच्यात विहार तलावाच्या सांडव्याचं पाणी येतं आणि थोडं खाली पवईचं येऊन मिळतं. कुर्ल्याच्या पुलावरून नाक दाबून जी बघतो, ती. इथे मात्र तळाचा प्रत्येक गोटा दिसतोय. हे पाणी आहे गुडघ्याच्या खालपर्यंत, आणि फेरीत ते तीनदा ओलांडायचंय.

आता वाट कशी तयार झाली ते बघा, कारण खरं काम तिथे आहे.

जूनमध्ये आम्ही काहीच केलं नाही. छत्री घेऊन नुसते फिरलो. पाऊस पडताना पाणी कुठून उतरतं, कुठे साठतं, कुठल्या पायवाटेची त्याने नाली करून टाकलीय, हे बघत. प्रत्येक जागी झाडाला चिंधी बांधली. लाल चिंधी म्हणजे इथून पाणी जातं, आपण जायचं नाही. जुलैअखेर आमच्याकडे चिंध्याच चिंध्या होत्या आणि वाट कुठेच नव्हती.

मग हिशोब. टेकडीचा उतार वीस टक्के असेल तर तिच्यावरून जाणाऱ्या वाटेचा चढ दहाच्या आत हवा. निम्म्याहून कमी, हा नियम. त्याहून तीव्र ठेवली तर पाणी टेकडी सोडून वाटेवरूनच धावतं. आणि वाट सपाट नाही ठेवायची. दरीच्या बाजूला किंचित कललेली हवी, म्हणजे पाणी आडवं निघून जातं. ठरावीक अंतरावर चढात मध्येच एक छोटा उतार द्यायचा. स्वाराला तिथे क्षणभर दम घेता येतो. पाण्याला तिथून बाहेर पडता येतं.

(घमेलं, कुदळ, फावडं. हातांचं जवळून दृश्य.)

हे बघा. बाटलीतलं पाणी वाटेवर ओततोय तो. दोन सेकंद थांबतं, मग डावीकडे सरकतं, पानाखाली जातं. पास. पुढच्या जागी तेच पाणी चाकाच्या रेषेत खाली धावलं. नापास, उकरा परत. एका वळणावर ही बाटली सहा वेळा ओतली. एकही मूळ तोडलं नाही, हे मुद्दाम सांगतो. मुळं आली तिथे वाट वळवली, म्हणून ही फेरी एवढी वाकडीतिकडी आहे.

मोळी घेऊन निघालेल्या वारली आजी थोडा वेळ उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "अरे पोरांनो, पाण्याला आधी जाऊ द्या, तुम्ही मागनं जावा." आमचे दोन महिने एका वाक्यात.

परवानग्यांचे कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरले. ते झालं.

(शर्यतीची सुरुवात. धूळ नाही, चिखल.)

साडेसात. आदल्या रात्री सर पडून गेलेली, त्यामुळे सुरुवातीच्या रेषेवर सगळे टायरमधली हवा काढतायत. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब पंचवीसवरून बावीस पीएसआयवर. हवा कमी केली की टायर जमिनीवर जरा पसरतो, गोट्यांना धरून राहतो. फार काढली तर रिम दगडावर आपटते. हा मधला आकडा प्रत्येकाचा वेगळा, आणि कोणी कोणाला सांगत नाही.

पहिलं पाणी. इथे कॅमेरा आम्ही जमिनीलगत ठेवला होता. बघा, पुढचं चाक पाण्यात शिरतं त्या क्षणी पेडल थांबलेलं नाही. थांबलं तर संपलं. काळ्या बेसॉल्टवर शेवाळ साबणासारखं असतं. पुढच्या ब्रेकला बोट लावायचं नाही, कंबर मागे, आणि नजर दगडावर नाही, पलीकडच्या काठावर. नजर जिथे, सायकल तिथे.

(एकामागून एक स्वार. फक्त पाणी.)

एक जण पडला. गळपट्टीचं हाड, सहा आठवडे हात झोळीत.

आणि आता हे दृश्य. हे ठरवून घेतलेलं नाही. दोन फेऱ्यांच्या मधल्या मोकळ्या वेळात समोरून एक गृहस्थ आले. काळी दांड्याची सायकल, मागे गवताचा भारा, पायात स्लीपर. आमच्या त्याच उतारावरून, ना सस्पेन्शन, ना गिअर, घंटी वाजवत खाली. भाऱ्याने दोन्ही बाजूंची झुडपं घासली जातायत. आमच्यातल्या लाखभराच्या कार्बन सायकलवाल्यांनी बाजूला होऊन वाट दिली. माउंटन बाइकच्या इतिहासात कॅलिफोर्नियाच्या माउंट टॅमलपाइसचं नाव येतं. १९७६ पासून त्या परिसरात मुलं शर्यत लावून जुन्या जाडजूड सायकली उतारावर सोडायची. हबमधलं, म्हणजे चाकाच्या मध्यभागातलं, ग्रीस जळून जायचं, दर वेळी नवीन भरावं लागायचं, म्हणून त्या शर्यतीला नावच पडलं रीपॅक. आरेतल्या गवतवाल्यांचा इतिहास कोणी लिहिलेला नाही.

तिसऱ्या फेरीत पुढे असलेल्या मुलीचं चाक गेलं. मदत घ्यायला ठरलेलीच जागा. तिथपर्यंत बसक्या टायरवर जायचं. २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला ब्रिटनच्या टॉम पिडकॉकचंही असंच पंक्चर झालं होतं, आणि तरी त्याने सुवर्ण घेतलं. ही पाचवी आली.

बिबट्या? विचारणारच तुम्ही. नाही दिसला. हा ठसा दिसला, आदल्या दिवशीच्या सरावानंतर. ओल्या मातीत टायरची नक्षी, आणि तिच्यावर पंजा. म्हणजे आमच्यानंतर गेलाय, आमच्याच वाटेने, उताराला निम्मा धरून. पाड्यावरच्या लोकांनी ठसा बघितला आणि वाघोबाचं नाव घेतलं, कामाला लागले.

(ओढ्याच्या खालचा भाग. सिमेंटची भिंत.)

फेरी जिथे संपते त्याच्या पुढे ओढा भिंतीत शिरतो. भिंतीच्या आत गोटे नाहीत, काठ नाही, उंबर नाही. इथून माहीमपर्यंत मिठी अशीच बांधत नेलीय. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर या कामाने जोर धरला.

(फिती गोळा करणारे हात.)

अकरा वाजता आम्ही वाट दाखवणाऱ्या फिती सोडायला लागलो. चिंध्या तशाच ठेवल्या, पुढच्या जूनसाठी. दुसऱ्या पाण्यापाशी कोणाची तरी बाटली राहिली होती, त्यात थोडं पाणी होतं. उचलणाऱ्याने सवयीने ते वाटेवर ओतलं आणि बघत उभा राहिला.

(पाणी डावीकडे सरकतं.)